दादाच्या रक्तातील जस्त

माझ्या थोरल्या भावाला, आमच्या दादाला, डायलिसिस सुरू होऊन गेल्या वर्षी आषाढात दोन वर्षे पूर्ण झाली. आठवड्यातून तीन दिवस आणि दर खेपेस चार तास असा त्याचा नेम आहे, आणि गोव्यातल्या फोंड्याच्या आमच्या घरातले जेवणखाण, पाहुण्यांचे येणे-जाणे, देवळातल्या उत्सवाला जायचे की नाही याचा निर्णय, हे सगळे त्या नेमाभोवती हळूहळू बसत गेले आहे. त्याच सुमारास तो जेवताना ताटावरून अर्ध्यावर उठू लागला. वहिनीने केलेल्या बांगड्याच्या हुमणाला चव लागत नाही, तोंडात नाणे धरल्यासारखे वाटते, अशी त्याची तक्रार होती. हुमणात तिरफळे कमी पडली की जास्त, हे पहिल्या घासाला सांगणाऱ्या या माणसाला आता खारट आणि आंबट यांतला फरकही नीट कळेना.

मी तीस वर्षे वैद्यकीय प्रयोगशाळेत, जीवरसायन विभागात, तंत्रज्ञ म्हणून काम केले. युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम यांचे नमुने माझ्या हातांखालून हजारोंनी गेले. जस्त, तांबे, सेलेनियम यांचे नमुने मात्र क्वचितच येत, आणि ते आम्ही बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळांकडे पाठवत असू. रक्तात मायक्रोग्रॅमने मोजावी लागणारी ही सूक्ष्म खनिजे मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाच्या शरीरात कशी वागतात, हे मी निवृत्तीनंतर दादामुळे शिकले, आणि त्यातला बराचसा भाग त्याच्या बाबतीत झालेल्या चुकीतून शिकले. ती चूक दुसऱ्या कुणाच्या घरी होऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

तोंडाची चव जाणे हे जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या, कमतरतेचे लक्षण असू शकते. भूक मंदावणे, जखम लवकर न भरणे, केस गळणे, वारंवार जंतुसंसर्ग होणे ही लक्षणेही तिच्याशी जोडली जातात, आणि डायलिसिसच्या रुग्णांत ती सगळीच थोडीफार आढळतात. अडचण अशी की, हीच लक्षणे रक्तात साठलेल्या युरियामुळे, कोरड्या तोंडामुळे किंवा चालू असलेल्या एखाद्या औषधामुळेही येतात. दादाला ज्या डॉक्टरांकडे नेले होते ते त्याचे नेहमीचे मूत्रपिंडतज्ज्ञ नव्हते. त्यांनी जस्ताची तपासणी करून घेतली. आकडा आला ५८ मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटर. प्रयोगशाळा साधारणपणे ७० ते १२० ही मर्यादा योग्य धरतात. आकडा कमी होता, तक्रार त्याच्याशी जुळत होती, आणि त्यामुळे झिंक सल्फेटची २२० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा सुरू झाली.

या एका गोळीत प्रत्यक्ष जस्त सुमारे ५० मिलिग्रॅम असते. म्हणजे दादाच्या पोटात रोज १०० मिलिग्रॅम जस्त जाऊ लागले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी पुरुषाची रोजची गरज १७ मिलिग्रॅम आहे, आणि दीर्घकाळ घ्यायचे असेल तर ४० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानली जाते. गोळी किती दिवस घ्यायची हे चिठ्ठीवर लिहिलेले नव्हते. एक पट्टी संपली की फार्मसीतून दुसरी येत असे. असे आठ महिने चालले.

सुरुवातीला चवीत थोडा फरक पडल्याचे दादा सांगत होता, पुढे तो तसे म्हणेनासा झाला. मग हिमोग्लोबिन उतरू लागले. १०.४ वरून ९, तिथून ८.१, आणि शेवटी ७.६. तांबड्या पेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने चालू होती, शिरेतून लोह दिलेले होते, लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन भरपूर होते, कुठे रक्तस्राव नव्हता. इंजेक्शनची मात्रा वाढवूनही उपयोग होईना. पांढऱ्या पेशीही कमी झाल्या आणि दोन्ही पायांत बधिरपणा आला. तेव्हा दादाच्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी घरातली सगळी औषधे पिशवीसकट आणायला सांगितली आणि टेबलावर एकेक मांडून पाहिली. झिंकची पट्टी हातात घेऊन त्यांनी वहिनीला विचारले, "हे कधीपासून चालू आहे?" त्याच दिवशी त्यांनी तांबे आणि ते रक्तात धरून ठेवणारे सेरुलोप्लाझ्मिन हे प्रथिन यांच्या तपासणीसाठी रक्त पाठवले. तांबे निघाले २१ मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटर. ते ७० च्या वर असायला हवे.

यामागचे कारण समजायला सोपे आहे, आणि ते ठाऊक असते तर मी ती दुसरी पट्टी घरात येऊ दिली नसती. जास्त प्रमाणात पोटात गेलेले जस्त आतड्याच्या अस्तरातील पेशींमध्ये मेटॅलोथायोनीन नावाचे प्रथिन वाढवते. हे प्रथिन जस्तापेक्षा तांब्याला अधिक घट्ट धरून ठेवते. त्यामुळे अन्नातून आलेले तांबे रक्तापर्यंत न पोहोचता त्या पेशीतच अडकते, आणि काही दिवसांनी पेशी गळून पडली की तिच्याबरोबर शौचावाटे निघून जाते. शरीरात तांबे साठत जाणाऱ्या विल्सन रोगात जस्ताच्या याच गुणाचा औषध म्हणून उपयोग करतात. दादाच्या शरीरात मात्र काढून टाकण्याजोगे जादा तांबे नव्हतेच. साठ्यातले लोह बाहेर काढून रक्तपेशी घडवण्याच्या कामी लावायला तांबेयुक्त प्रथिने लागतात. म्हणून फेरिटिन भरपूर असूनही हिमोग्लोबिन घसरत राहिले. मज्जारज्जूलाही तांबे लागते, म्हणून पाय बधिर झाले. झिंक बंद केले, काही आठवडे तांबे दिले, आणि तीन महिन्यांत हिमोग्लोबिन पुन्हा १० च्या वर आले. पायांचा बधिरपणा मात्र अजून पूर्ण गेलेला नाही. ती पट्टी आठ महिने जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर होती, याचे दुःख मला आजही आहे.

पण याच्याही आधीचा एक प्रश्न आहे, आणि प्रयोगशाळेत आयुष्य गेलेल्या मला तो अधिक छळतो. ते पहिले ५८ खरे होते का?

प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण सुमारे दोन ग्रॅम जस्त असते. त्यातले बहुतेक स्नायूंत आणि हाडांत असते. रक्ताच्या द्रवात, म्हणजे आपण सुई टोचून जे मोजतो त्या भागात, एकूण जस्ताचा हजारावा हिस्सा असतो. त्या हजाराव्या हिश्श्यातलेही सुमारे ८० टक्के अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेले असते. दादाचे अल्ब्युमिन त्या आठवड्यात २.९, म्हणजे कमी, होते. वाहून नेणारे प्रथिनच कमी पडले, तर शरीरातला साठा तेवढाच राहूनही जस्ताचा आकडा खाली दिसणार. शिवाय त्याच दिवसांत त्याच्या पायाला जखम होऊन जंतुसंसर्ग झाला होता. संसर्ग किंवा दाह असला की शरीर रक्तातले जस्त काढून यकृतात नेऊन ठेवते, हा शरीराचा स्वतःचा बचाव असतो. आणि रक्त घेतले होते दुपारी, जेवणानंतर दोन तासांनी, जेव्हा निरोगी माणसाचेही जस्त सकाळच्या उपाशीपोटीच्या आकड्यापेक्षा खाली उतरलेले असते. ही तिन्ही कारणे एकत्र धरली, तर ५८ या आकड्यातून दादाच्या शरीरातील जस्ताविषयी फारच थोडे कळत होते, आणि त्याच्या अल्ब्युमिनविषयी, पायाच्या जखमेविषयी आणि जेवणाच्या वेळेविषयी बरेच कळत होते.

मूत्रपिंडाच्या रुग्णांत जस्त खरोखरही कमी होते, हे नाकारता येणार नाही. लघवीतून प्रथिने जात असतील तर त्यांना चिकटलेले जस्त, तांबे आणि लोह त्यांच्यासोबत जाते. पोटाच्या डायलिसिसमध्ये प्रथिने द्रावणातून जातात. फॉस्फरस आटोक्यात ठेवण्यासाठी मासे, अंडी, डाळी यांवर बंधने येतात, आणि कॅल्शियम व लोहाच्या गोळ्या आतड्यात जस्ताच्या आड येतात. एवढी खरी कारणे असताना खोटा आकडा ओळखणे अधिक कठीण होते, कारण तो अपेक्षेप्रमाणेच आलेला असतो आणि त्यावर कुणी शंका घेत नाही.

याच्या उलट प्रकार झिंक बंद केल्यावर दोन महिन्यांनी झाला. दुसऱ्या एका ठिकाणी घेतलेल्या नमुन्याचा अहवाल आला तेव्हा जस्त १३८ दिसत होते. योगायोगाने त्याच नमुन्याची उरलेली नळी पाहायची संधी मला मिळाली. सीरम फिकट पिवळे असायला हवे, ते गुलाबी होते. म्हणजे रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या होत्या. तांबड्या पेशींत जस्त रक्तद्रवाच्या कितीतरी पट अधिक असते, त्यामुळे थोड्या पेशी फुटल्या तरी आकडा फुगतो. नळीही साधी होती, रबरी बुचाची. रबर तयार करताना जस्ताचे संयुग वापरले जाते आणि ते नमुन्यात उतरू शकते. सूक्ष्म खनिजांसाठी गडद निळ्या टोपणाची वेगळी नळी मिळते, ती मुद्दाम अशा दूषितीकरणापासून मुक्त ठेवलेली असते. हे मला माझ्या नोकरीमुळे माहीत होते. रुग्णाच्या घरच्यांना ते कोण सांगणार? म्हणून ही माहिती इथे नोंदवून ठेवते: जस्ताचा नमुना सकाळी, उपाशीपोटी, डायलिसिस सुरू होण्यापूर्वी, त्या गडद निळ्या टोपणाच्या नळीत घ्यावा, त्याच दिवशी अल्ब्युमिन आणि दाह दाखवणारे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन पाहावे, आणि जस्त पाहिले तर सोबत तांबेही पाहावे.

या विषयावरचा एक मोठा आढावा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅनडातील मार्सेलो टोनेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमोडायलिसिसच्या, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करून घेणाऱ्या, रुग्णांमधील सूक्ष्म मूलद्रव्यांवरचे १२८ अभ्यास एकत्र करून तपासले. निरोगी लोकांच्या तुलनेत रुग्णांच्या रक्तात जस्त, सेलेनियम आणि मँगनीज कमी आढळले. कॅडमियम, क्रोमियम, तांबे, शिसे आणि व्हॅनेडियम जास्त आढळले. हा आढावा वाचताना मला जाणवले ते असे, की "जास्त" आणि "कमी" या दोन शब्दांखाली अगदी वेगवेगळ्या घटना दडलेल्या आहेत. क्रोमियम आणि व्हॅनेडियम मुख्यतः लघवीवाटे बाहेर जातात, तो मार्ग बंद झाला की ते साठतात. हे सरळ आहे. तांब्याचे तसे नाही. रक्तातले बहुतांश तांबे सेरुलोप्लाझ्मिनमध्ये असते, आणि हे प्रथिन दाह असला की वाढते. डायलिसिसच्या रुग्णांत दाह कायमच थोडाफार असतो, म्हणून तांब्याचा आकडा वर जातो. अन्नातून तांबे जास्त आले असा त्याचा अर्थ होत नाही. दादाचे तांबे दाह असतानाही २१ पर्यंत खाली आले होते, यावरून ती कमतरता किती खोल होती हे लक्षात येईल.

सेलेनियमची गोष्ट याहून वेगळी आहे. सेलेनियमवर चालणारे ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज नावाचे एक विकर आपल्या रक्तद्रवात फिरत असते, पेशींना ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून वाचवणे हे त्याचे काम. हे रक्तातले विकर प्रामुख्याने मूत्रपिंडाच्या नलिकांतील पेशींतच तयार होते. कारखानाच बंद पडल्यावर कच्चा माल वाढवून उत्पादन कितीसे वाढणार? आपल्या किनाऱ्यावर सेलेनियम ताटातून मिळते, कारण समुद्रातील मासे हा त्याचा चांगला स्रोत आहे. डायलिसिस सुरू झाल्यावर घाबरून मासे पूर्ण बंद करणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. फॉस्फरसचा हिशेब आहारतज्ज्ञांनी करून दिला, तर बहुतेकांना माशाचा एखादा तुकडा खाता येतो, आणि डायलिसिसवर असलेल्या माणसाला प्रथिनांची गरज आधीपेक्षा जास्तच असते.

आता पाण्याविषयी. माझ्या मते या सगळ्या विषयाचा हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि घरच्यांच्या नजरेआड राहणाराही हाच आहे.

डायलिसिसच्या यंत्रात रक्त पातळ पडद्याच्या एका बाजूने वाहते आणि दुसऱ्या बाजूने द्रावण वाहते, साधारणपणे मिनिटाला ५०० मिलिलिटर या वेगाने. चार तासांत १२० लिटर, आठवड्याला ३६० लिटर. निरोगी माणूस आठवड्याला पंधरा-वीस लिटर पाणी पितो, आणि त्याच्या बाबतीत आतड्याचे अस्तर मध्ये उभे असते. ॲल्युमिनियमसारखा धातू पोटात गेला तरी त्याचा शंभरावा भागही रक्तात शोषला जात नाही आणि जेवढा शोषला जातो तो मूत्रपिंडे बाहेर टाकतात. दादाच्या बाबतीत ३६० लिटर पाणी आणि त्याचे रक्त यांच्यामध्ये फक्त तो पडदा आहे. त्यातही एक बारकावा आहे. ॲल्युमिनियम, शिसे, तांबे, जस्त हे धातू रक्तात शिरले की प्रथिनांना चिकटतात, आणि प्रथिने पडद्यातून जात नाहीत. त्यामुळे रक्तात मोकळ्या धातूचे प्रमाण जवळजवळ शून्यच राहते, आणि द्रावणात त्याचा अंश जरी असला तरी तो रक्ताकडेच ओढला जात राहतो. म्हणजे युरिया ज्या वाटेने बाहेर पडतो, त्याच वाटेने धातू आत येऊ शकतो.

हे धडे जगाने फार मोठी किंमत देऊन घेतले. १९७२ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे ॲलन आल्फ्री आणि सहकाऱ्यांनी डायलिसिसच्या रुग्णांत दिसणारा एक चमत्कारिक आजार नोंदवला: आधी बोलताना अडखळणे, मग झटके, मग स्मृतिभ्रंश आणि मृत्यू. १९७६ मध्ये त्याच गटाने या रुग्णांच्या मेंदूत ॲल्युमिनियम साठल्याचे दाखवले. ते ॲल्युमिनियम काही अंशी पाण्यातून आले होते, आणि काही अंशी फॉस्फरस बांधण्यासाठी देत असलेल्या ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या औषधातून. हाच धातू हाडे ठिसूळ करतो आणि एरिथ्रोपोएटिनला दाद न देणारा पंडुरोग आणतो. १९९६ मध्ये कॅरिबियन समुद्रातील कुरासाओ बेटावर सिमेंटचे अस्तर असलेली नवी जलवाहिनी टाकल्यानंतर तिच्यातील ॲल्युमिनियम डायलिसिस केंद्राच्या पाण्यात उतरले आणि दहा रुग्ण दगावले. आज डायलिसिससाठीच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक ॲल्युमिनियम चालत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ०.०३ मिलिग्रॅम स्वीकारार्ह आहे, आणि पर्यायी स्रोत नसल्यास ०.२ पर्यंत सवलत आहे. नळाचे पिण्यायोग्य पाणी डायलिसिससाठी चालत नाही, ते यामुळे.

आमच्याकडे फोंड्याला आणि तिसवाडीला खांडेपार नदीचे पाणी ओपा येथे शुद्ध होऊन येते. पावसाळ्यात गोव्यातल्या नद्या तांबड्या मातीने गढूळ होतात हे आपण सगळेच पाहतो. गाळ खाली बसवण्यासाठी जलशुद्धीकरणात तुरटी किंवा तिच्यासारखे ॲल्युमिनियमचे दुसरे संयुग वापरण्याची पद्धत सर्वत्र आहे, आणि पाणी जितके गढूळ तितकी तिची मात्रा जास्त लागते. पिणाऱ्याला त्यापासून धोका नसतो. डायलिसिस केंद्रात मात्र ते पाणी वाळूचा गाळक, पाण्याचा जडपणा काढणारा मृदुकारक, क्लोरीन शोषणारा कोळसा आणि शेवटी आरओचा पडदा, एवढ्या टप्प्यांतून नीट गेले पाहिजे, आणि पावसाळ्यात तर त्यावर अधिक लक्ष हवे. दादा जिथे जातो तिथल्या तंत्रज्ञ मुलाला मी एकदा संकोचत विचारले, तेव्हा त्याने मला आत नेऊन सगळी यंत्रणा दाखवली, रोज सकाळी क्लोरीन तपासल्याची वही दाखवली आणि पाण्यातील धातूंच्या तपासणीचा अहवालही काढून दिला. हे विचारण्याचा रुग्णाच्या नातेवाइकांना पूर्ण अधिकार आहे, आणि चांगल्या केंद्राला त्या प्रश्नाचा राग येत नाही.

त्याच केंद्रात काही महिने दादाच्या शेजारच्या खाटेवर काणकोणचे एक गृहस्थ असत, मुलीकडे फोंड्याला राहायला आलेले. साखर नाही, रक्तदाब नाही, दारू-तंबाखू नाही. आयुष्यभर बागायतीत राबलेले आणि घरच्या विहिरीचे पाणी प्यालेले. एक दिवस त्यांनी मला विचारले, "ताई, तुम्ही लॅबमध्ये होता म्हणतात. माझ्या विहिरीनेच मला हे दिले का?"

या प्रश्नाला आधार आहे. काणकोण तालुक्यात मधुमेह किंवा रक्तदाब नसलेल्या लोकांत मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार आढळतो, हे संशोधकांनी नोंदवलेले आहे. श्रीलंका आणि मध्य अमेरिका येथे अशाच अज्ञात कारणाच्या आजाराची चर्चा होते. बिट्स पिलानीच्या गोवा संकुलातील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काणकोणच्या बाधित भागातील भूजल आम्लधर्मी, म्हणजे पीएच ५.६ असल्याचे आढळले. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा ६.५ ते ८.५ आहे. त्या पाण्यात सिलिका लिटरला ११५.५ मिलिग्रॅम होती आणि शिसे ९.९८ मायक्रोग्रॅम, म्हणजे १० या मर्यादेला टेकलेले. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कमी होते, आणि तेवढ्या प्रमाणातील सिलिका दीर्घकाळ दिली असता प्रयोगशाळेत वाढवलेल्या मूत्रपिंडाच्या पेशी मरतात, असेही त्यांनी दाखवले. बाधित लोकांच्या रक्तात शिसे वाढलेले होते.

मी त्या गृहस्थांना हे सगळे सांगितले, आणि त्याबरोबर त्यातली अडचणही सांगितली. शिसे आणि सिलिका हे दोन्ही मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. मूत्रपिंड बिघडल्यानंतर घेतलेल्या रक्तात ते जास्त आढळले, तर त्यामुळे मूत्रपिंड बिघडले की मूत्रपिंड बिघडल्यामुळे ते साठले, हे केवळ त्या आकड्यावरून ठरत नाही. शिशाच्या बाबतीत तर गुंता अधिक आहे. प्रौढाच्या शरीरातले नव्वद टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत दशकानुदशके पडून असते. मूत्रपिंड निकामी झाले की पॅराथायरॉइड ग्रंथी वाढीव काम करू लागतात आणि हाडे झिजवतात, आणि हाडातले जुने शिसे पुन्हा रक्तात येते. म्हणजे आजच्या रक्तातले शिसे तरुणपणी प्यालेल्या पाण्याचे असू शकते, आणि ते आज वर येण्याचे कारण मात्र आजचा आजार असतो. ते गृहस्थ शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे आजारी पडण्याआधी कुणीतरी मोजायला हवे होते." मला त्यांचे म्हणणे पूर्ण पटले. काणकोणसारख्या ठिकाणी निरोगी तरुणांचे रक्त, लघवी आणि त्यांच्या विहिरीचे पाणी यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली, तरच या प्रश्नाचे उत्तर मिळेल. त्यांच्या मुलीने विहिरीच्या पाण्याची तपासणी करून घेतली आणि नातवंडांसाठी आता नळाचेच पाणी वापरतात.

घरातल्या काही गोष्टी थोडक्यात. ॲल्युमिनियमच्या, म्हणजे जर्मनच्या, टोपात सोलाची किंवा चिंचेची आंबट आमटी शिजवून ठेवणे आम्ही बंद केले, कारण आंबटामुळे धातू अन्नात उतरतो. निरोगी माणसाला त्याचा फारसा त्रास नाही, दादाला असू शकतो. पित्तासाठी घ्यायच्या पातळ औषधांपैकी अनेकांत ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड असते, आणि पोटातल्या व्रणावर देतात त्या सुक्राल्फेटमध्येही ॲल्युमिनियम असते. त्याच वेळी लिंबाचे सरबत किंवा सायट्रेटयुक्त गोळी घेतली तर ॲल्युमिनियमचे शोषण बरेच वाढते. म्हणून ही औषधे मूत्रपिंडतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. भस्मे आणि रसौषधी यांबद्दल लिहिताना मला जपून लिहायचे आहे, कारण आयुर्वेदावर आमच्या घराची श्रद्धा आहे; पण २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते, आणि ज्याच्या शरीरातून हे धातू बाहेर पडण्याची वाटच बंद आहे त्याने अशी जोखीम घेऊ नये असे मी ठामपणे सांगेन.

मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या पोषणावरील २०२० च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत जस्त आणि सेलेनियम सरसकट सर्वांना देऊ नये असे सुचवले आहे, कारण त्यामुळे फायदा होतो याचा पुरावा फारसा नाही. ज्याची कमतरता लक्षणांनी आणि नीट घेतलेल्या नमुन्याने सिद्ध होते, त्याला मोजक्या मात्रेत, ठरावीक मुदतीसाठी आणि तांब्यावर लक्ष ठेवून जस्त देणे, ही वेगळी गोष्ट आहे. दादाच्या चवीचे पुढे काय झाले, असे काहींनी विचारले. डायलिसिसची मात्रा तपासून वाढवल्यावर, दातांचा जुना संसर्ग बरा केल्यावर आणि एक औषध बदलल्यावर ती बऱ्याच अंशी परत आली. त्या काळात त्याला जस्ताची एकही गोळी दिलेली नव्हती.

गेल्या खेपेचा अहवाल माझ्यासमोर आहे. जस्त ६६, अल्ब्युमिन ३.४, तांबे ९१, दाह नाही, हिमोग्लोबिन १०.८. जस्त मर्यादेच्या किंचित खाली आहे. डॉक्टरांनी गोळी दिलेली नाही. आठवड्यातून दोनदा मासा वाढवायला सांगितले आहे आणि तीन महिन्यांनी पुन्हा पाहू म्हणाले आहेत. पुढचा नमुना चवथ झाल्यावर सोमवारी सकाळी सहाला, दादा खाटेवर जाण्याआधी घ्यायचा आहे, आणि निळ्या टोपणाच्या दोन नळ्या मी आतापासूनच मागवून ठेवल्या आहेत.